अकरा घरांची बैठक

दरेकशाच्या स्टेशनावरून दोन कोस आत चाललं की बेलाटोला लागायचा, आणि बेलाटोल्यात शिरलं की सगळ्यांत आधी बैठकीचं घर दिसायचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पूर्वेला एकच दार आणि मधोमध बिजाच्या लाकडाचा दोन पुरुष उंच खांब. आत मूर्ती नाही, तसबीर नाही, घंटासुद्धा नाही. नवखा माणूस आत डोकावून विचारायचा, "देव कुठे आहे?" त्यावर उदाराम म्हणायचा, "बसा, येईल." पाहुणा बसायचा, कंटाळायचा, निघून जायचा. उदारामला त्याचं काही वाटायचं नाही.

घराची किल्ली उदारामकडे होती. ती त्याच्या बापाकडे होती आणि त्याआधी आजाकडे. आजाच्या तरुणपणी, रेल्वेचे रूळ नवेनवे पडत होते त्या काळात, छत्तीसगडाकडून एक बुवा या गावी आला. बुवा म्हणजे भगवा वगैरे काही नव्हता, कुठल्याशा खाणीत राबून खोकला घेऊन आलेला मजूर होता. खंजेरीवर निर्गुणी भजनं म्हणायचा. गावातली अकरा घरं त्याच्या नादी लागली आणि त्यांनी जंगलातून खांब आणून हे घर उभारलं. बुवानं त्यांना एकच नियम घालून दिला. म्हणाला, खाणीत मी एकाच माणसाच्या शब्दावर शंभर जण मरताना पाहिले आहेत, म्हणून या घरात एकाच्या शब्दावर काही करायचं नाही. जे करायचं त्यासाठी प्रत्येक घरच्या थोरल्यानं या खांबाला हात लावायचा. अकरा हात लागले तर काम करायचं. दहा लागले तर उठून घरी जायचं आणि पुढच्या बैठकीला पुन्हा बसायचं.

शहाण्या माणसाला हा नियम म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटेल. पण बेलाटोल्यात तो साठ वर्षं चालला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी गॅसबत्ती घ्यायची का यावर सलग तीन बैठका झाल्या. दहा हात खांबावर आणि टिकारामची म्हातारी आई जमुनाबाई आपले हात पदराखाली धरून बसलेली. "दिव्यात काय खराबी आहे? तुमाले काय चेहरे पाहाचे आहेत एकमेकाचे?" कोणी तिला ओरडलं नाही, कोणी समजावलंही नाही. चौथ्या बैठकीला ती स्वतःच उठली, खांबाला हात लावला आणि म्हणाली, "आणा बाप्पा, माहे डोळे तं गेलेच आहेत." बत्ती आली, आणि तिच्या उजेडात सगळ्यांत पुढे जमुनाबाईच बसू लागली.

उदारामला हे सगळं फार आवडायचं. तो काही मोठा भक्त नव्हता, गळाही बेताचाच होता. त्याला आवडायचं ते अकरा घरांचं एकत्र बसणं. त्याची बायको देवकाबाई दर बैठकीच्या आदल्या दिवशी घर सारवायची. दारापासून मागे मागे न येता ती खांबापासून सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत बाहेर पडायची, म्हणून जमिनीवर तिच्या बोटांची वर्तुळं उमटायची. सारवताना गुणगुणायची. तिला सगळ्यांत आवडायचं ते निरोपाचं भजन. हे भजन एरवी कोणी म्हणत नसे. अकरांपैकी कुठल्या घरी माणूस गेलं की दहाव्या दिवशी अकराही घरं खांबाभोवती बसून ते म्हणत, मगच गेलेल्याची वाट मोकळी झाली असं मानत. "नाव सुटलं, गाव सुटलं, आता कोणाची वाट," असं त्याचं धृपद होतं. उदाराम तिला रागवायचा, "अशुभ कायले म्हणून राहिलीस?" ती म्हणायची, "शुभ का अशुभ, चाल गोड आहे जी."

मग मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली. सरकारनं केलं ते चांगलंच केलं म्हणायचं, कारण मालगुजाराचं जोखड मानेवरून उतरलं. पण तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी जायचं हे आजवर मालगुजाराचा माणूस सांगत होता. त्याच्या पाळीला सगळे शिव्या घालायचे आणि सगळे ती पाळायचे. आता शिव्या घालायला कोणी उरलं नाही, म्हणून लोकांनी एकमेकांना घालायला सुरुवात केली. बावन्न साली पाऊस मधेच गेला. धान निसवायला आलेलं. हिरालालच्या धानाच्या बांधीत पाणी आलं आणि शेजारच्या बकारामच्या बांधीत आलं नाही. हिरालाल म्हणे, पाळी माझीच होती. बकाराम म्हणे, ह्यानं पाट फोडला. खरं काय होतं ते तलावाला ठाऊक. बकारामचं धान पोचट झालं एवढं मात्र खरं, आणि त्याच्या घरी त्या साली लेकीचं लग्न मोडलं.

पुढच्या बैठकीला छपराचे कवेलू फेरायचं ठरवायचं होतं. साधं काम, दरवर्षीचं. नऊ हात लागले. हिरालालनं दहावा लावला. बकाराम उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याचा हात जेथी आहे तेथी माहा हात लागणार नाही." आणि चालता झाला. त्याच्या मागे त्याच्या बाजूची चार घरं उठली. हिरालालही काही कमी नव्हता. तो म्हणाला, "जाऊ द्या. येतील नाक घासत." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ चांगला धडधाकट होता.

त्या दिवसापासून हिरालालची पाच घरं सोमवारी बसू लागली आणि बकारामची पाच घरं गुरुवारी. उदाराम अकरावा. तो कोणाच्याच बाजूला गेला नाही. ह्यात त्याची काही थोरवी नव्हती. त्याचं शेत होतं बर्डीवर, तलावाचं पाणी तिथवर कधी चढलंच नव्हतं, मग भांडणार कशासाठी? तो सोमवारी दार उघडून बसायचा, गुरुवारीही उघडून बसायचा. दोन्हीकडे भजनं म्हणायचा. त्याला वाटायचं, वर्ष-सहा महिन्यांत राग निवेल.

राग निवला नाही. चोपन्नच्या भादव्यात देवकाबाईला ताप भरला. गोंदियाला न्यायचं म्हणून बैलगाडी जुंपली, पण नाले भरलेले होते, गाडी स्टेशनापर्यंतही पोचली नाही. घरी परत आणल्यावर दोन दिवसांनी ती गेली. जायच्या आधी कधीतरी ती उदारामला म्हणाली होती, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली होती, "मी मेल्यावर तरी बसतील का जी हे सगळे?"

उदाराम दहाही घरी गेला. हिरालालनं त्याचे हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "देवकाबाई माही बहीण होती. मी येतो. पण तो असन तं नाही." बकाराम म्हणाला, "भाऊ, माहा जीव माग, देतो. त्याच्या संगं बसाले नोको सांगू." शेवटी सोमवारच्या लोकांनी सोमवारी भजन म्हटलं, गुरुवारच्यांनी गुरुवारी. दोन्हीकडच्या बायका मनापासून रडल्या. लोक म्हणाले, बरं झालं, एकदा सोडून दोनदा झालं. पण उदारामच्या मनानं घेतलं की झालेलं नाही. पाच घरांचं दोनदा म्हणजे अकरा घरांचं एकदा होत नाही. देवकाची वाट अडलेली आहे, आणि अकरा जण एकत्र बसेपर्यंत ती अडलेलीच राहणार. ही खंत त्याच्या उरात बसली ती बसलीच. त्याच्यावर हसू नये. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एवढ्यात घरालाही दुखणं लागलं. बिजाचा खांब होता तसाच होता, त्याला काही होत नाही. पण वरचं आडं येनाच्या लाकडाचं होतं, त्यात उधई, म्हणजे वाळवी, शिरली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो इथे उधईला झाला. उदारामनं आड्याला खालून बांबूचे टेकू दिले. सकाळी सारवावं तर संध्याकाळी जमिनीवर पिवळा भुसा पडलेला असायचा. आडं बदलणं काही अवघड नव्हतं, जंगल हाकेच्या अंतरावर आणि गावात सुतार. पण आडं बदलायला अकरा हात हवेत.

तो पुन्हा घरोघर हिंडला. हिरालाल म्हणाला, बकारामनं आधी हात लावावा, मग मी लावतो. बकाराम म्हणाला, हिरालालनं आधी. पालथ्या घड्यावर पाणी ओतून उदारामचे पाय दुखले. त्याची मुलगी प्रेमिला देवरीला दिली होती. ती माहेरी आली तेव्हा टेकूंचं ते रान बघून चिडलीच.

"बाबा, तुमीच बदलून टाका ना आडं. कोण अडवून राहिला तुमाले?"

"कोणीच नाही."

"मंग काऊन बसून राहिले?"

"मी एकट्यानं बदललं तं हे घर माहं होईन, पोरी. बैठकीचं नाही राहणार."

प्रेमिलानं कपाळाला हात लावला. आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. एका माणसानं नियम मोडून एक लाकूड बदललं असतं, तर पुढची पन्नास वर्षं घर उभं राहिलं असतं. दहाही घरांना ते मनातून हवंच होतं. कोणीतरी न विचारता करून टाकावं, म्हणजे आपल्याला हात लावावा लागणार नाही, याचीच ती वाट पाहत होती. पण उदाराम पडला नियमाचा माणूस. ज्या नियमानं घर साठ वर्षं टिकवलं, तोच नियम हातात धरून तो घर पडताना पाहत राहिला. अशी माणसं भली असतात, म्हणूनच त्यांचा फार राग येतो.

वर्षं अशीच गेली. दोन्ही बैठकी आपापल्या रस्त्याला लागल्या. हिरालालच्या लोकांनी गोंदियाहून पेटी आणली, ढोलकी आणली, त्यांची भजनं ठेक्यात, झपझप चालू लागली. बकारामच्या लोकांनी पेटीवाल्यांना नाकं मुरडत नुसती एकतारी धरली आणि दर ओळ अशी लांबवली की ऐकणाऱ्याला जांभई यावी. उदाराम सोमवारी झपझप म्हणायचा, गुरुवारी लांबवायचा. त्याला ते कळतही नव्हतं. ज्या घरी जेवावं तिथलं मीठ गोड मानावं, तसं चाललं होतं.

एकोणसाठच्या पावसाळ्यात उत्तरेचा कोपरा खाली आला. पुढच्या उन्हाळ्यात, नवं राज्य झालं त्याच महिन्यात, हिरालालचा निरोप आला: सोमवार नाही, गुरुवार नाही, येत्या रविवारी सगळे बसू. तासाभरानं बकारामकडूनही तोच निरोप आला.

उदारामला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आठ वर्षांनी सगळी! त्यानं दोनदा विचारून खात्री केली, "अकराही ना?" अकराही. शनिवारी त्यानं शेण कालवलं आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर बसून घर सारवू लागला. देवकासारखं खांबापासून सुरू केलं, पण वर्तुळं काही जमली नाहीत, मधेच त्याच्याच पायाचे ठसे उमटले. तरी तो खूश होता. पडलेल्या कोपऱ्यात त्यानं चटई टांगली. दिवसभर त्याच्या मनात एकच होतं: उद्या आधी देवकाचं भजन, मग आड्याचं पाहू.

रविवारी सकाळी माणसं आली. हिरालाल पांढऱ्या केसांचा झाला होता, बकाराम काठी टेकत होता. जमुनाबाई केव्हाच वारली होती, तिच्या जागी टिकाराम बसला. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, मधे खांब. दाराबाहेर दोन अनोळखी माणसं करवत घेऊन बसली होती. उदारामला वाटलं, आड्याच्या कामासाठी आणली असतील. त्याला हिरालालचं कौतुक वाटलं.

बोलायला हिरालालनंच सुरुवात केली. "उदारामभाऊ, आमचं आणि यांचं निरोपानं बोलणं झालं. घर आता राहत नाही. अर्ध्या लाकडावर ते आपलं घर बांधतील वरच्या टोल्यावर, अर्ध्यावर आमी बांधू खालच्या टोल्यावर. कवेलू अर्धे, वासे अर्धे."

उदारामनं आधी वर आड्याकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "आणि खांब?"

"तोही अर्धा," बकाराम म्हणाला.

"अर्धा म्हणजे?"

"मधातून कापाचा. अर्धा त्याईले, अर्धा आमाले."

"अरे, अर्ध्या खांबावर छप्पर राहते का बाप्पा? माणसाएवढाच तं होईन तो!"

"राहो का नोको राहो," बकाराम शांतपणे म्हणाला, "त्याले अख्खा नाही जाऊ देणार."

"आमीही नाही," हिरालाल म्हणाला. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकमत झालेल्या माणसांसारखं.

हिरालाल उठला आणि त्यानं खांबाला हात लावला. बकारामनं काठी भिंतीला टेकवली आणि हिरालालच्या हाताच्या अगदी शेजारी आपला हात ठेवला. मग टिकाराम, मग बाकीचे. दहा हात लागले. उदाराम बसूनच होता. त्याच्या एका हातावर आता सगळं होतं. त्यानं हात नुसता मांडीवर ठेवला असता तर नियमाप्रमाणे सगळ्यांना उठून घरी जावं लागलं असतं. पण पुढे काय? पुन्हा सोमवार, पुन्हा गुरुवार, आणि येत्या पावसात उरलेले तीन कोपरे. घर कसंही जाणारच होतं. आणि हे अकरा जण पुन्हा या जन्मात एका छपराखाली येणार नव्हते, हे त्याला लख्ख दिसत होतं.

"हात लावतो," तो म्हणाला. "पण आधी देवकाचं निरोपाचं भजन म्हणा. सगळे मिळून. तिचं राहिलं आहे."

टिकारामनं मान खाली घातली. मग हिरालाल म्हणाला, "म्हणतो. पण आधी हात लावा, भाऊ. भजन झाल्यावर तुमी मागे सरले तं?"

ज्या घरात एका म्हातारीच्या हातासाठी तीन बैठका सगळे थांबले होते, त्या घरात हे बोललं गेलं. उदारामला त्याचा रागही आला नाही. तो उठला. सहा वर्षं तो एकाच गोष्टीची वाट पाहत होता आणि ती आता हाताच्या अंतरावर होती. त्यानं खांबाला हात लावला. अकरा झाले.

मग सगळे खांबाभोवती बसले. उदारामनं डोळे मिटले. कोणीतरी खंजेरीवर थाप दिली आणि भजन सुरू झालं. "नाव सुटलं, गाव सुटलं." पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला हिरालालची पाच माणसं पुढे निघून गेली आणि बकारामची पाच मागे राहिली. हे थांबले तर ते धावले. ते थांबले तर हे ओढू लागले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बकारामच्या बाजूचा एक जण चिडून म्हणाला, "ही काय चाल झाली? हे लग्नाचं गाणं आहे का?" पलीकडून कोणी म्हणालं, "तुमची चाल म्हणजे बैल ओढून राहिला गाडी." आवाज चढले. खंजेरी थांबली.

"थांबा," टिकाराम म्हणाला. "भांडता कायले? उदारामकाका दोन्हीकडे बसत होते. त्याईलेच विचारा. काका, आधीची खरी चाल कोणती? तुमी धरा, आमी मागून म्हणतो."

दहा तोंडं उदारामकडे वळली. दहाही जण खरोखर थांबले होते. तो जसं म्हणेल तसं म्हणायला दोन्ही बाजू तयार होत्या, त्या क्षणापुरत्या तरी. उदारामनं घसा खाकरला. ओठांवर आली ती सोमवारची चाल. ती नव्हे म्हणून त्यानं ती गिळली, तर गुरुवारची आली. मग त्यानं देवकाला आठवलं. शेणात बुडालेली तिची बोटं दिसली, वर सरकवलेल्या बांगड्या दिसल्या, खांबाभोवती गोल फिरणारी तिची पाठ दिसली, ओठ हलताना दिसले. पण तिचा आवाज काही केल्या येईना. आठ वर्षं तो दर सोमवारी आणि दर गुरुवारी, एकही चुकवल्याशिवाय, भजन म्हणत आला होता, आणि त्या म्हणण्यानंच त्याच्या डोक्यातून देवकाचं भजन पुसून टाकलं होतं.

लोक वाट पाहत होते. त्यांनी बरीच वाट पाहिली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"मले याद नाही," उदाराम म्हणाला.

मग हिरालाल उठला, बकारामनं काठी उचलली, आणि बाहेरच्या माणसांना आत बोलावण्यात आलं.